काळ्या रानाची ओळख: जुन्या-नव्या शेतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुनी शेती बरी की नवी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा उत्तर आधी ठरवूनच विचारला जातो. शेणखत, बैल आणि घरचे बियाणे यांच्या आठवणीने हळवे होणारे लोक एका बाजूला असतात, तर हेक्टरी क्विंटलांचे आकडे मांडून चर्चा संपवणारे दुसऱ्या बाजूला. दोघांकडेही सांगण्यासारखे बरेच असते. पण शेतीपद्धतींची तुलना हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे, त्याला सव्वाशे वर्षांहून जुनी लिखित परंपरा आहे, आणि त्यातला मोलाचा वाटा मराठी मुलखात, इथल्या शेतांवर घडलेला आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. ही प्रस्तावना या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकांसाठी आहे. तुमची शेती असेल, घरातली शेती सुटून दोन पिढ्या झाल्या असतील, किंवा तुम्ही कृषी, अर्थशास्त्र वा इतिहासाचे विद्यार्थी असाल, तुमचे इथे मनापासून स्वागत आहे. पूर्वतयारी काही लागत नाही. फक्त निकाल देण्याची घाई बाजूला ठेवावी.

पहिली विनंती अशी, की वाचकांनी सगळी शेती एकदम कवेत घेऊ नये. ऊस, भात, कापूस आणि द्राक्षबाग यांना एकच फूटपट्टी लावली की तुलना उथळ होते. एक पीक आणि एका जातीची जमीन निवडावी आणि तिथेच पुरेसा वेळ रेंगाळावे. माझ्या मते त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या रब्बी ज्वारीसारखे दुसरे पीक नाही. जुने आणि नवे तिथे एकाच शेतात, कधी कधी एकाच अवजारात सापडते.

या मुलखाची रीत आधी समजून घ्यावी. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. त्यातला खात्रीचा भाग सप्टेंबरात पडतो. म्हणून भारी काळी रानं पावसाळाभर मोकळी ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालून तण मोडतात, पाणी मुरू देतात आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरतात. पीक उगवून वर येते तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. तिथून पुढे कणीस भरेपर्यंत सगळी मदार जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. भीमा आणि माण या नद्यांच्या परिसरातल्या मंगळवेढ्याची खोल काळी माती या कामात इतकी वाकबगार, की त्या गावाला ज्वारीचे कोठारच म्हणतात. दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुले करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची आहे. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता या शेतातले ‘पारंपरिक’ काय, ते शोधू लागा. कोणीही पहिल्यांदा मालदांडीकडे बोट दाखवील. मोत्यासारखा पांढरा दाणा, गोडसर भाकरी, जनावरे आवडीने खातात असा उंच कडबा. गावात हे वाण आजोबांच्याही आधीपासूनचे मानले जाते आणि ते एका अर्थी खरे आहे. पण आज सर्वत्र ज्या मालदांडीचे नाव घेतले जाते ती ‘मालदांडी 35-1’. 1930 च्या दशकात मोहोळच्या सरकारी संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने ती तयार झाली. शेतकऱ्यांच्या रानातली कणसे गोळा करायची, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे, वर्षानुवर्षे ओळींची तुलना करायची आणि सरस ठरलेली राखायची, असे ते काम. म्हणजे जे आपण परंपरा म्हणून जपतो त्यात शास्त्रज्ञांचा हात आहे, आणि जे शास्त्रज्ञांनी दिले त्याचे मूळ शेतकऱ्यांनी शतकानुशतके केलेल्या निवडीत आहे. नव्वद वर्षे होत आली, तरी रब्बीतून या वाणाला पुरते हटवणारे दुसरे वाण आलेले नाही. या विषयाची गोडी मला इथेच लागली, आणि नव्या वाचकानेही इथूनच सुरुवात करावी असे वाटते.

याच पिकाची दुसरी कथा खरिपातली. 1964 मध्ये ‘सीएसएच-1’ हे भारतातले पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. त्याची मादी बाजू अमेरिकेतून आणलेल्या नरवंध्य ज्वारीची होती. झाड बुटके, लवकर तयार होणारे, खताला भरघोस प्रतिसाद देणारे. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेचा ध्यास घेतलेल्या त्यांच्या सरकारने संकरित ज्वारीचा हिरिरीने प्रसार केला. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी घराघरांत शिरला तो या ज्वारीबरोबर. टंचाईच्या त्या वर्षांत या पिकाने गरिबांच्या पोटात अन्न घातले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. आज पोटभर जेवून त्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे.

मात्र पुढे काय झाले तेही तितक्याच निष्ठेने पाहावे. लवकर तयार होणारे कणीस पावसाच्या झडीत सापडे, दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे आणि बाजारात त्याला भाव मिळत नसे. उशिरा पेरलेल्या पिकाला खोडमाशी गाठी. बुटक्या ताटाचा कडबा कमी, आणि भाकरीची चवही मालदांडीची नाही. गेल्या काही दशकांत खरीप ज्वारीची रानंच्या रानं सोयाबीन आणि कापसाखाली गेली. रब्बीच्या पट्ट्यात तर संकरित वाणांना शेतकऱ्यांनी फारसे जवळच केले नाही, कारण तिथे ज्वारी हे माणसाइतकेच जनावरांचेही पीक आहे. हेक्टरी धान्याच्या तक्त्यात कडब्याचा रकाना नसेल तर शेतकऱ्याचा हा निर्णय अडाणीपणाचा दिसतो. तो रकाना घातला की त्यातले शहाणपण कळते. दुष्काळी वर्षी कडब्याची पेंढी धान्याच्या बरोबरीने घर सावरते, हे कोणताही माणदेशी शेतकरी सांगेल.

वाण कागदावर समजते. पेरणी मात्र बांधावर उभे राहून पाहावी. बैलांची तिफण पाहायला मिळाली तर दवडू नका. अजूनही काही रानांत ती दिसते. आडव्या दिंडाला खाली तीन फण, प्रत्येक फणामागे एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी चाड्यात येऊन मिळालेल्या. एक जण बैल हाकतो. दुसरे माणूस, पुष्कळदा घरची बाई, ओटीतले बियाणे मुठीत घेऊन चाड्यात सोडत चालते. बी किती पडावे हे ठरवते ती मूठ. तिन्ही नळ्यांत सारखे बी जावे, बैल थबकले की मूठ आवळावी, पुन्हा चालू लागले की सैल करावी, हे तिला कोणी मोजून शिकवलेले नसते. फणाने उकरलेल्या मातीत खालच्या ओलीपर्यंत बी पोचते आणि मागून फळी फिरवून माती दाबली जाते. चाड्यावर मूठ धरणारे माणूस गावात मानाने बोलावले जाई, ते उगाच नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी जी पाभर सुचवली, ती याच अवजारावर उभी आहे. तिला चाडी दोन. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. दोन्ही एकाच वेळी ओलीत पडतात. कोरडवाहू रानात खत वर विस्कटले तर ते कोरड्या मातीत पडून राहते, मुळांच्या कामी येत नाही. हा नेमका अडसर दुसऱ्या चाड्याने दूर केला. अवजार फेकून न देता, त्याची मूळ युक्ती ओळखून त्यात एका गोष्टीची भर घातलेली ही सुधारणा मला या क्षेत्रातली फार देखणी घटना वाटते. मोठ्या यंत्रांच्या बातम्या होतात, दुसऱ्या चाड्याची होत नाही. पण नव्या अभ्यासकाला दृष्टी देण्याचे काम ते छोटेसे चाडेच अधिक करते.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचे गणित वेगळे आहे आणि तेही न्यायाने मांडायला हवे. हस्ताचा पाऊस झाल्यावर रानाला वाफसा येतो तो मोजके दिवस टिकतो. बैलाची पाभर दिवसाकाठी तीन-चार एकर ओढते. तेवढे रान ट्रॅक्टर काही तासांत उरकतो. ओल उडायच्या आत पेरणी साधणे हाच ज्या शेतीचा जीव, तिथे हा वेग चैनीचा मानता येत नाही. शिवाय ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्याला पूर्वी बैलवाल्याची रिकामी वेळ येईपर्यंत थांबावे लागे, आणि तोवर रान वाळून जाई. दुसऱ्या बाजूने चाकांखाली माती दबते, भाड्याचा रोख खर्च वाढतो, आणि दावणीचे बैल गेले की शेणखताची आवकही आटते. यातले काहीही सुटे सुटे मोजता येत नाही. एक धागा ओढला की कडबा, बैल, शेणखत आणि जमिनीची ओल धरण्याची ताकद ही सगळी साखळी हलते.

ओलीचा विषय निघालाच आहे, तर कोळपणीबद्दल थोडे विस्ताराने. काळी माती वाळू लागली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. कोळप्याने वरची माती हलवली की भेगा बुजतात आणि भुसभुशीत मातीचा थर खालची ओल झाकून ठेवतो. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात. विद्यापीठाची शिफारस याच वाटेने जाते. पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात, भेगा रुंदावतात तेव्हा, दातेरी कोळप्याने कोळपणी करावी. पेरणीची शिफारस 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी आहे. पंचांग उघडून पाहिले तर हे दिवस उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रे व्यापून चित्रा नक्षत्रात जेमतेम शिरतात. दोन ज्ञानपरंपरा एकाच आभाळाखाली, एकाच मातीवर काम करत होत्या, त्यामुळे त्यांची उत्तरे जुळली तर नवल नाही. जिथे ती जुळत नाहीत तिथे मात्र वाचकांनी अधिक लक्ष द्यावे, कारण नवे शिकण्यासारखे तिथेच असते. विरळ पेरणीपासून खताच्या मात्रेपर्यंत अशी ठिकाणे पुष्कळ आहेत.

शास्त्रीय बाजूची वंशावळही पाहून ठेवावी. 1923 मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि 1933 मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र उभे राहिले. एन. व्ही. कानिटकर हे या कामातले ठळक नाव. बांधबंदिस्ती, दर काही वर्षांनी खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, ओळींतले जादा अंतर आणि वारंवार कोळपणी अशी ती सुधारित पद्धत ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली जाते. यातली एकेक गोष्ट चांगल्या शेतकऱ्याला ठाऊक होती. प्रयोगांनी त्यांची जुळणी केली, मापे दिली. उत्पादनातली वाढ मात्र बेताची होती आणि पद्धतीचा प्रसारही बेताचाच झाला. यशाच्या कथांबरोबर अशा अर्ध्या यशाच्या कथाही वाचाव्यात, कारण उत्तम सल्ला शेतकऱ्याच्या खिशाला का परवडला नाही हा प्रश्न त्यांतूनच पुढे येतो. पुढे 1968 ते 1972 या काळात राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आली आणि हे काम विभागवार वाटले गेले. आज राहुरीच्या शिफारशीत हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी वाणे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाटून दिलेली दिसतात. सरसकट एकच वाण सगळीकडे नेण्याचा काळ मागे पडला, आणि बरड, मध्यम, भारी हे शेतकऱ्यांचे जुने भेद पुन्हा केंद्रस्थानी आले, हे मला फार आश्वासक वाटते.

ग्रंथांकडे वळताना मराठी वाचकाला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यात शेतकऱ्याच्या लुबाडणुकीची चीड आहे तशीच माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे, तलाव, चांगल्या पैदाशीची जनावरे आणि शेतीचे शिक्षण यांची व्यवहारी मागणीही आहे. शेतीची पद्धत आणि शेतकऱ्याची सामाजिक स्थिती एकमेकांपासून वेगळ्या काढून अभ्यासता येत नाहीत, हा या विषयाचा पाया त्यांनी तेव्हाच घातला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1893 मध्ये, इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांचा हिंदुस्थानच्या शेतीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुधारणा सुचवण्यासाठी आलेल्या या माणसाने देशभर हिंडून इथला शेतकरी सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा असल्याचे नमूद केले. अडचण ज्ञानाची कमी आणि पाणी, खत, साधने यांची जास्त आहे, असा त्याचा एकूण रोख. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली कंपोस्टची पद्धतही अशाच, शेतकऱ्याला गुरू मानणाऱ्या दृष्टीतून आली.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ 1915 चा. शेतीची साधने बनवणारे सुतार-लोहार, बलुते, सावकार यांच्याशिवाय जुनी शेती चालतच नव्हती, हे तो वाचल्यावर पक्के होते. 1917 मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने छापला. 1771 मध्ये त्या गावात एका धारकाकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 पर्यंत 7 एकरांवर आली होती. हा एक आकडा मनात ठेवून पुढचे सगळे वाचन करावे. 40 एकरांवर निम्मे रान पडीक ठेवून विसावा देणे शक्य असते. 7 एकरांवर तोच सल्ला उपासमारीचा ठरू शकतो. जुनी पद्धत मोडली तेव्हा शेतकऱ्याची निष्ठा कमी झाली असे म्हणण्याआधी त्याच्या वाट्याला आलेली जमीन पाहावी. मान यांनी पाहिलेले ते गाव आता पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत मिसळून गेले आहे, त्यामुळे त्यांचे पुस्तक हेच आता तिथल्या शेतीचे मोठे दफ्तर आहे.

‘आधुनिक’ हा शब्दही दर पिढीला जागा बदलतो, याचे भान असू द्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली होती. पुढे हरळी-कुंद्याच्या मुळ्या उपसणारा हाच नांगर इतका आपलासा झाला, की आजच्या आठवणींत तो जुन्या शेतीच्या बाजूला उभा असतो.

दोन गोष्टींत नवा वाचक सहज फसतो. बागायती नव्या शेतीची तुलना कोरडवाहू जुन्या शेतीशी करणे ही पहिली. फरक पाण्याचा असतो आणि श्रेय किंवा दोष पद्धतीला जातो. जुन्या शेतीत भूक नव्हती असे मानणे ही दुसरी. 1876 ते 1878 चा दुष्काळ आणि शतकाअखेरचे दुष्काळ दख्खनने सोसले ते रासायनिक खत येण्याच्या कितीतरी आधी.

श्रमाचा हिशेबही बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि रब्बी ज्वारीत तो चुकवून चालतच नाही. सोलापूरकडे ही ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कडक झालेल्या भेगाळ रानातून पुरुषभर उंचीचे ताट दोन्ही हातांनी ओढायचे, मुळांची माती पायावर झटकायची, पेंढ्या बांधायच्या आणि मग कणसे खुडायची. तळहात सोलवटून निघतात. उंच ताट कडब्यासाठी हवे, पण तेच यंत्राने काढायला अवघड. ज्वारीचे क्षेत्र का घटले असे विचारले की शेतकरी भावाआधी काढणीला माणसे मिळत नाहीत हे सांगतात. मालदांडीचे कौतुक करताना हे काम कोण करते, त्याला काय मजुरी मिळते आणि पुढच्या पिढीने ते करावे का, हे प्रश्न टाळू नयेत. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांत ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. तिचा काही वाटा उपटणाऱ्या हातांपर्यंत पोचतो का, हे तपासणे नव्या अभ्यासकाचे काम आहे.

मग सुरुवात कशी करावी? आधी ‘असूड’, मग ‘गाव-गाडा’, मग मान यांचा अभ्यास, आणि जोडीला तुमच्या जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधले शेतीचे प्रकरण, या क्रमाने वाचन ठेवावे. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रब्बीत ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाचे एकच शेत निवडावे. मातीची खोली, आधीच्या पावसाच्या तारखा, पेरणीचा दिवस, वाण, बियाणे घरचे की विकतचे, किती कोळपण्या झाल्या आणि त्या कोणी केल्या, बांधाच्या कडेने करडईच्या ओळी आहेत का, असतील तर त्या जनावरे आत येऊ नयेत म्हणून आहेत की तेलासाठी, हे सगळे लिहून ठेवावे. हुरड्याच्या दिवसांत पुन्हा जावे. पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी कणसे कशी निवडतात हे घरातल्या बायकांना विचारावे. पुरुषांच्या उत्तरापेक्षा ते उत्तर पुष्कळदा अधिक नेमके असते. काढणीला उभे राहून धान्य मोजावे तशा कडब्याच्या पेंढ्याही मोजाव्यात. आणि त्या वर्षी हस्ताचा पाऊस दडी मारून बसला तरी वही मिटू नये. ओल कमी पडलेल्या रानात कोणत्या वाणाने किती दिवस तग धरली, कडबा किती हाती आला आणि दावणीची जनावरे विकावी लागली का, हे त्या वर्षाच्या नोंदीत सापडेल, भरल्या वर्षाच्या नोंदीत नाही.